पहिल्या धड्याचा मान

जपानी भाषेची आमच्या रेवदंड्यात जेवढी सेवा झाली तेवढी खुद्द जपानात झाली नसेल. हसू नका. मंडळ होतं, मंडळाला अध्यक्ष होते, फळा होता, फळ्याला लाकडी झडप होती, नि झडपेला कुलूप होतं. चावी अध्यक्षांच्या जानव्याला. गावात जपानी बोलता येणारा माणूस मी एकटा, आणि मला कुणी काही विचारत नव्हतं.

मी काळूराम. जातीचा कोळी, पण जाळ्याशी माझं कधी जमलं नाही. तरुणपणी आगबोटीवर खलाशी म्हणून चढलो तो कोबे बंदरात उतरलो आणि तिथेच एका गुजराती शेटच्या पेढीवर स्वयंपाकी होऊन राहिलो. रोज सकाळी बाजारात मासळीवाल्याशी भांडायचं, भाजीवालीशी भांडायचं, अशी भांडून भांडून भाषा शिकलो. भांडणातून आलेली भाषा पक्की बसते. पुढे शेटची पेढी बसली आणि सन तेहतीसच्या सुमारास मी गावी आलो. परमुलखात राहून बाटलो म्हणून जमातीने माझ्याकडून दंड घेतला, माझ्याच पैशाने माझ्याच अंगणात जेवली आणि मग मला शुद्ध करून घेतलं. जेवताना भाताला वास येतो म्हणून नावंही ठेवली.

घरात मी आणि माझी भाची काशी. माझी बहीण गेली तेव्हा ही पोर लहान होती. थळला लग्न करून दिली होती, पण नवऱ्याने दुसरी आणली आणि हिला गाठोड्यासकट माझ्या दारात आणून सोडली. तेव्हापासून ती बोंबील दोऱ्यांवर सुकत घालायची, जाळी विणायची आणि येणाऱ्याजाणाऱ्या बायकांचं "गेली व्हती ती परत कशी आली गं?" हे ऐकून घ्यायची. तोंडाने काही बोलायची नाही. मला मात्र त्या बायकांच्या टोपल्या समुद्रात फेकून द्याव्याशा वाटत.

एकदा कामासाठी मुंबईला गेलो असताना मला मोरीसाहेब भेटले. कापसाच्या खरेदीवरचा हा जपानी माणूस कोबेला शेटच्या घरी जेवायला यायचा, माझ्या हातचं वरण वाटीने प्यायचा. आता त्याची बदली मुंबईला झाली होती. बायको बरोबर, आणि फुमी नावाची तीन वर्षांची मुलगी. ती पोर कुठल्या आयेकडे राहीना. आया हिंदीत बोलायची, पोर जपानीत रडायची. मोरीबाई मला म्हणाली, "आमच्या भाषेत चार शब्द बोलणारी बाई आण, मी तिला घरच्यासारखी ठेवीन. फाल्गुनात आम्ही चौलची लेणी बघायला येणार आहोत, तेव्हा तिला बघते."

घरी येऊन काशीला सांगितलं. ती बोंबील निवडत होती. हातातला बोंबील खाली ठेवून म्हणाली, "मामा, शिकव मला. काय वाट्टेल ते शिकव. मला हितं न्हाय मरायचं."

मग काय, चुलीपाशी शाळा सुरू झाली. पोराला लागतात ते शब्द. ओइदे, म्हणजे ये. अबुनाइ, म्हणजे सांभाळ, पडशील. नेमुइ नो, म्हणजे झोप आली का गं. काशी मासे साफ करता करता घोकायची. पहिला धडा मी तिला पाहुण्याच्या स्वागताचा दिला, योकु इराश्शाइमाशिता. दुसरा दिला निरोपाचा. जपानी माणूस घराबाहेर पडताना म्हणतो, "इत्ते किमासु," म्हणजे जाऊन येते. आणि घरात राहणारा म्हणतो, "इत्ते राश्शाइ," म्हणजे जा आणि परत ये. काशीला तो धडा फार आवडला. विहिरीवर निघाली तरी म्हणायची, आणि मी जबाब देईपर्यंत दारात उभी राहायची.

पण घोडं पेंड खात होतं ते भलतीकडेच. जमातीची बाई परक्याच्या घरी राहायला जायची तर पाटलाचा होकार लागतो. आमच्यात होकार म्हणजे विडा. चारचौघांत पुढे केलेला विडा पाटलाने घेतला की शब्द दिला, मग तो ब्रह्मदेवालाही फिरवता येत नाही. मी बुधाजी पाटलांकडे विडा घेऊन गेलो. पाटलांनी विड्याकडे पाहिलं, मिशीवर हात फिरवला आणि म्हणाले, "जपानी? ही भानगड काय हाय ती आदी समजू दे." आणि समजून घेण्यासाठी त्यांनी चौलच्या बाबाजीरावांना बोलावलं. तिथे माझ्या नशिबाने कपाळाला हात लावला.

बाबाजीराव म्हणजे अलिबागच्या कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेला माणूस. नोकरीत असताना लोकांची कामं अडवायचे, निवृत्त झाल्यावर लोकांना मदत करायचे. लोकांना फरक कळत नसे. माझ्या ओटीवर येऊन त्यांनी काशीला दोन शब्द बोलायला लावले आणि त्यांचे डोळे पाणावले.

"काळूराम," ते म्हणाले, "हे कार्य एकट्याने करण्याचे नव्हे. परदेशी भाषेचा शिक्षक आणि तिचे विद्यार्थी यांना समाजाने साहाय्य केले पाहिजे."

"मदतच करायची तर पाटलांना तेवढा विडा घ्यायला सांगा," मी म्हणालो.

"ती क्षुल्लक बाब आहे. प्रथम मंडळ स्थापन होऊ दे."

आठ दिवसांत माझ्या ओटीवर पाटी लागली: 'जपानी भाषाशिक्षक व विद्यार्थी साहाय्यक मंडळ, चौल-रेवदंडा'. पाटी एवढी लांब की दार उघडलं की तिला आपटायचं. अध्यक्ष अर्थातच बाबाजीराव; त्यांच्यासाठी खुर्ची आली, तिने निम्मी ओटी खाल्ली. मला शाल दिली, ऐन आश्विनाच्या उकाड्यात. फळा आला, पण त्याच्यावर भलतंसलतं कुणी लिहू नये म्हणून कुलपात गेला. खडूचा विषय पुढच्या सभेवर टाकला. मी म्हणालो, पुढे काय? बाबाजीराव म्हणाले, आता वर्ग सुरू. आणि वर्ग सुरू व्हायच्या आधी पाटलांनी घसा खाकरून विचारलं, "पहिल्या धड्याचा मान कुनाचा?"

परक्या माणसाला हे कळायचं नाही. आमच्याकडे शिमग्याची पालखी उठते ती मानाने. पहिला नारळ पाटलाचा, छत्री अंबाजीच्या घराण्याची, मशाल येसाजीच्या, आणि सगळ्यात शेवटी तुतारी नामाच्या, असे एकूण सात मानकरी. एकाचा मान चुकला तर पालखी आहे तिथे उभी राहते, मग देव उन्हात वाळला तरी चालेल. भाषा ही सरस्वती, म्हणजे देवी. मग देवीचं जे काय असेल ते पालखीच्याच क्रमाने व्हायला नको? सगळ्यांना पटलं. मला सोडून. पण मी शिक्षक, माझा मान पालखीत कुठेच नव्हता.

ठरलं असं. पहिला धडा आधी पाटलांनी घ्यायचा, मग अंबाजीने, मग येसाजीने, क्रमाने सातही जणांनी. सातवा मानकरी पहिला धडा म्हणून दाखवेपर्यंत दुसरा धडा कुणी शिकायचा नाही, कुणी शिकवायचा नाही.

"आणि काशी?" मी विचारलं.

"बायांना पालकीत मान कुटं असतो?" पाटील म्हणाले. "मानकऱ्यांचं होऊ दे. मंग तिचं. विड्याचं बी तवाच बघू."

तिथेच माझ्या डोक्यातून धूर निघाला. पण विडा पाटलांच्या हातात, आणि काशी दाराआड उभी राहून माझ्याकडे बघत होती.

पाटील पहिलं वाक्य शिकायला बसले. "योकु इराश्शाइमाशिता." चार शब्दांचंसुद्धा नाही ते. पण पाटलांचा एकेक शब्द घाट चढून आल्यासारखा यायचा, आणि चुकला तरी चूक काढायची नाही, कारण पाटील. त्यांचं वाक्य एकदाचं बसलं तेव्हा अंबाजीची पाळी आली, तर अंबाजीचा चुलता वारला. सुतक. सुतकात मान घेता येत नाही आणि त्याला ओलांडून येसाजीला देता येत नाही. वर्ग बंद. सुतक फिटलं, अंबाजी शिकला. तोवर येसाजीच्या सुनेला मुलगा झाला. सोयर. वर्ग बंद. मी बाबाजीरावांना म्हणालो, "अहो, फाल्गुन येतोय." ते म्हणाले, "वेळेचे बंधन भाषेला नसते, काळूराम." आणि खुर्चीत बसून डुलकी काढू लागले.

मी मात्र चुलीपाशी काशीला शिकवत राहिलो. दार लावून, आवाज दाबून, जसं काही चोरीचा माल वाटून घेतोय. दुसरा धडा, पाचवा, विसावा. फुमीला ताप आला तर काय विचारायचं, पोट दुखलं तर काय. काशी एकदा म्हणाली, "मामा, त्यांना कललं तर?" मी म्हणालो, "कळायला त्यांना दुसरा धडा यायला हवा ना!"

फाल्गुन आला, शिमगा झाला आणि मोरीसाहेबांचा निरोप आला. अलिबागेहून टांग्याने येणार, सकाळी लेणी बघणार, दुपारच्या भरतीला रेवदंड्याच्या बंदरातून लाँचने मुंबईला. खाडीच्या तोंडावर वाळूचा दांडा आहे. भरतीचं पाणी उतरायला लागलं की लाँच तिथे बसते, म्हणून लाँच चालवणारा तांडेल कुणासाठी थांबत नाही. म्हणजे जे काही व्हायचं ते भरती आहे तोवर.

मंडळाने बंदरावर मांडव घातला. पताका, केळीचे खांब, ताटात पानाचे विडे. मांडवाच्या मागे शिडाचं कापड बांधून बायांची जागा. काशी तिथे उभी होती, धुतलेलं लुगडं, केसांत अबोली. मी म्हणालो, "भिऊ नकोस." ती म्हणाली, "मी कुटं भितंय? तू घामानं भिजलायस."

मोरी मंडळी आली. मोरीसाहेब उन्हाने लाल झालेले, मोरीबाई छत्री धरून, आणि बापाच्या बोटाला धरून फुमी, झोपेने डोळे मिटत असलेली. तुतारी वाजली. बुधाजी पाटील लाल पागोट्यात पुढे आले, नारळ दिला आणि गर्जले, "योकु इराश्शाइमाशिता!" मोरीसाहेब चकित झाले, खूश झाले, कमरेत वाकले. मग अंबाजी पुढे आला. नारळ. "योकु इराश्शाइमाशिता!" मोरीसाहेब वाकले. मग येसाजी. नारळ. योकु इराश्शाइमाशिता. चौथ्याला मोरीसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. सहाव्याला त्यांच्या हातात नारळ मावेनात, एक सुटून घरंगळत पाण्यात गेला. सातवा नामा. त्याला ते वाक्य आदल्या दिवशीच मिळालं होतं, म्हणून त्याने विसरायच्या आत दोनदा म्हटलं.

मग बाबाजीराव भाषणाला उभे राहिले. बुद्धापासून सुरुवात केली. मला वाटलं, बुद्ध म्हणजे बरंच मागून आले, पण निदान रस्ता तरी जपानकडे आहे. तर ते बुद्धावरून अलिबागच्या कचेरीत आले आणि तिथेच राहिले. मी मोरीसाहेबांना जपानीत एवढंच सांगितलं, "आणखी थोडा वेळ."

एवढ्यात फुमी नाहीशी झाली. मोरीबाई कासावीस होऊन उठली. मी शिडाच्या कापडाकडे बोट दाखवलं. कापड बाजूला सरलं होतं, आणि काशी खाली बसून शिंपल्या मांडत होती आणि म्हणत होती, "ओइदे, ओइदे." पोर तिच्या मांडीवर. पोर काहीतरी बोलली, काशीने जबाब दिला, पोर खुदकन हसली. मग काशीने विचारलं, "नेमुइ नो?" आणि फुमीने तिच्या खांद्यावर डोकं टाकलं. मोरीबाई छत्री मिटून जवळ आली. "हीच का ती?" तिने मला विचारलं. "हिला मी आत्ताच नेते."

लाँचने शिट्टी दिली. भरती पुरी झाली होती.

मी पाटलांपाशी गेलो. "पाटील, बाईंना काशी पसंत आहे. होकार द्या."

पाटलांनी मानकऱ्यांकडे बघितलं. "नोकरीचा पहिला मान कुनाचा?"

मला वाटलं, मी बहिरा झालो. "पाटील, पोर सांभाळायचं काम आहे. मान कसला त्यात?"

"सायबाच्या घरचं बोलावनं हाय. पहिला मान पाटलाच्या घरचा."

"मग पाठवा तुमच्या घरची. पाटलीणबाईंना पाठवा."

"येडा का काय तू? पाटलीन दुसऱ्याची पोरं सांबाळायला जाईल व्हय?"

"मग कोण जाणार?"

"कुनी न्हाय," पाटील म्हणाले. "मान राकून ठेवायचा."

बाबाजीरावांनी मान डोलावली. "तत्त्वतः बरोबर आहे."

तुम्हाला सांगतो, इतकी वर्षं कोबेच्या बाजारात भांडलो, पण असा संताप कधी आला नव्हता. स्वतः खायचं नाही, दुसऱ्याला खाऊ द्यायचं नाही, आणि त्याला म्हणायचं मान! तिकडे काशी उभी होती, खांद्यावर झोपलेली पोर, आणि तिला सगळं ऐकू गेलं होतं. ती रडत नव्हती. ती फक्त पोराला वाऱ्यापासून पदराने झाकत होती.

मोरीसाहेबांनी मला विचारलं, "काय म्हणतात ते?"

आणि तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला की या अख्ख्या बंदरात मी काय बोलतो ते कळणारं दुसरं माणूस एकच, आणि ती काशी. बाकी सगळे पहिल्या धड्यावर. जय मंडळ!

मी अगदी गंभीर चेहऱ्याने, जपानीत, म्हणालो, "पाटील म्हणतात, मुलीला आनंदाने न्या. त्यांचे आभार मानायची आमच्याकडे रीत आहे. ताटातला तो पानाचा विडा घ्या, दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरा आणि जितकं वाकता येईल तितकं वाका."

काशीने मान वर केली आणि लगेच खाली घातली.

मोरीसाहेबांनी नारळ खाली ठेवले, विडा उचलला, दोन्ही हातांवर घेतला आणि लाल पागोट्यापुढे असे वाकले की त्यांचं डोकं पाटलांच्या कमरेशी आलं. एवढं वाकून बुधाजी पाटलांना जन्मात कुणी मान दिला नव्हता. मामलेदार तर त्यांना एकेरी हाक मारायचा. पाटलांची छाती फुगली, मिशी थरथरली. अंबाजीचा हात विड्याकडे सरकतोय असं त्यांना दिसलं असावं, कारण त्यांनी झडप घालून विडा घेतला, कपाळाला लावला आणि तोंडात कोंबला.

मी मांडवाच्या मधोमध उभा राहून ओरडलो, "ऐका हो ऐका! पाटलांनी काशीच्या नोकरीचा विडा घेतला! चारचौघांत घेतला!"

पाटलांचे डोळे बाहेर आले. तोंड विड्याने भरलेलं. बोलावं तर शब्द फुटेना, थुंकावं तर साहेबापुढे अन् जमातीपुढे थुंकलेला विडा म्हणजे मोडलेला शब्द. मानकरी एकमेकांकडे बघू लागले. घेतला होता खरा, सगळ्यांनी पाहिला होता. मी काशीला म्हणालो, "चल."

ती गाठोडं घ्यायलाही थांबली नाही. पोराला तसंच खांद्यावर घेऊन लाँचमध्ये चढली. तांडेलाने दोर सोडला. आणि मग मंडळाला आठवलं की पाहुणे निघाले, त्यांना काहीतरी म्हटलं पाहिजे. बाबाजीरावांनी हात वर केला. सहा मानकरी काठावर ओळीने उभे राहिले आणि दूर जाणाऱ्या लाँचकडे बघून एका सुरात ओरडले, "योकु इराश्शाइमाशिता!" म्हणजे, या, या, आपलं स्वागत असो! मोरीसाहेब बिचारे पुन्हा वाकले.

काशी कडेला आली. जन्मात कधी मोठ्याने बोलली नव्हती ती पोर. वाऱ्यावर तिचा आवाज आला, "मामा! इत्ते किमासु!"

बाबाजीराव दचकले. "हे पहिल्या धड्यात नाही!"

पाटलांनी विडा गिळला आणि माझं बखोट धरलं. "दुसरा धडा! मानाआदी दुसरा धडा कुनी दिला तिला?"

मी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. ती जबाब मिळेपर्यंत दारात उभी राहायची, मला माहीत होतं. छाती फुटेल एवढ्या जोराने ओरडलो, "इत्ते राश्शाइ!" डोळ्यांपुढे लाँच दिसेना. मेलं ऊन फार होतं.

विडा घेतला म्हणून काशीला कुणी काही करू शकलं नाही. मला मात्र वाळीत टाकलं. गुन्हा, मानाबाहेर दुसरा धडा शिकवला. विस्तव बंद, पाणी बंद, बोलणं बंद. ओटीवरची पाटी काढून अंबाजीकडे नेली, खुर्ची गेली, अध्यक्ष गेले. शाल परत मागायला आले तेव्हा तिच्यात बोंबील बांधले होते, म्हणून राहू दिली. खरं सांगू? इतकं मोठं साहाय्य मंडळाने मला आधी कधी केलं नव्हतं. मंडळ अजून आहे. मध्यंतरी येसाजी वारला, त्याच्या मुलाने मान घेतला आणि पहिला धडा पहिल्यापासून सुरू झाला.

काशी नारळी पुनवेला येते, फुमीला घेऊन. परवाही आली होती. पायांत चपला, मान ताठ, आणि विहिरीवरच्या बायका आता तिच्या लुगड्याचा काठ बघतात. ती माझी भाची, म्हणून तिच्याशीही बोलणं बंद; पण पोर साहेबाची, तिचा अपमान करून कसं चालेल? त्यामुळे फुमी आळीतून निघाली की बुधाजी पाटील ओट्यावर उठून उभे राहतात, पागोटं सारखं करतात आणि म्हणतात, "योकु इराश्शाइमाशिता!"

परवा फुमी त्यांच्यासमोर थांबली. पाच वर्षांची झालीय आता. कमरेवर हात ठेवून, काशीने शिकवलेल्या अस्सल कोळीवाड्याच्या बोलीत म्हणाली, "आयकलं, पाटील. आता म्होरचं बोल."